ट्रकचं ड्रायव्हिंग स्कूल निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराडला आमचा मालवाहतुकीचा छोटा धंदा आहे. पुणे-बंगळूर हायवेवर आमच्या गाड्या चालतात, काही कुंभार्ली घाटातून चिपळूणला जातात. ऊस हंगामाच्या तोंडावर नवीन ड्रायव्हर बघायची वेळ आली की मी लायसन नंतर बघतो. आधी समोरच्या पोराला चावी देतो आणि म्हणतो, "ती दहा टायरची गाडी गोडाऊनला मागं लाव बघू." खिशात हेवीचं, म्हणजे जड वाहनाचं, लायसन असतं, पण रिव्हर्स टाकल्यावर हात थरथरतो. पोराची चूक नसते, त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. शिकवणी कुठं घ्यावी म्हणून आजूबाजूच्या गावांतून जे विचारायला येतात, त्यांचे प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत.

ट्रक शिकायला नाव घालण्याआधी माझ्याकडे काय असायला हवं?

वय २० पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचं, म्हणजे कार-जीपचं, पक्कं लायसन मिळून किमान एक वर्ष झालेलं हवं. त्याशिवाय जड वाहतूक वाहनाचं लर्निंग लायसन मिळत नाही. "तुमचं वर्ष झालं नसलं तरी आम्ही करून देतो" असं कुणी म्हणालं, तर त्या दारातून तसेच परत फिरा.

डॉक्टरांचा वैद्यकीय दाखला नमुना १-अ मध्ये लागतो. त्यात नजर बघतात, रंग ओळखता येतात का ते बघतात. दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता यायला हवी. नुसता शिक्का मारून घेऊ नका, डोळे खरंच तपासून घ्या. रात्री समोरच्या गाडीच्या लाईटनं डोळे दिपत असतील, तर ते शिकायच्या आधी कळलेलं बरं.

शाळा कमी झाली आहे म्हणून कचरू नका. पूर्वी वाहतूक वाहनासाठी आठवी पासची अट होती. ती २०१९ मध्ये काढून टाकली.

मला फक्त पिकअप किंवा छोटा टेम्पो चालवायचा आहे. तरीही हेवी शिकावं लागेल का?

नाही. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे स्पष्ट केलं आहे. एकूण वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून, आरसी बुकात लिहिलेलं वजन. रिकाम्या गाडीकडे बघून अंदाज बांधू नका.

आमच्या भागात चांगलं स्कूल कुठं आहे, हे शोधू कसं?

मोबाईलवर शोधलं की जाहिराती आधी दिसतात, म्हणून तिथून सुरुवात करू नका. ट्रकवाल्यांच्या अड्ड्यावर जा. टायरवाला, पाटे बसवणारा मिस्त्री आणि वजनकाट्यावर बसणारा माणूस यांच्यासमोर रोज पन्नास ड्रायव्हर येतात. कोण कुठं शिकला आणि कुणाची गाडी क्लच प्लेट जाळून वारंवार गॅरेजला येते, हे त्यांना तोंडपाठ असतं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन "तुम्ही नवीन पोरगा घ्याल तर कुठल्या स्कूलचा घ्याल?" एवढंच विचारा.

दुसरी जागा म्हणजे आरटीओचं मैदान. जड वाहनांच्या चाचणीच्या दिवशी कुंपणाबाहेर तासभर उभे राहा. कुठल्या स्कूलची गाडी येते, तिची पोरं स्टेअरिंगवर कशी बसतात, आरशात बघतात की मान बाहेर काढून मागं बघत बसतात, हे सगळं दिसतं. तो तासभर दहा जाहिराती वाचण्यापेक्षा जास्त सांगून जातो.

मग स्कूलच्या ऑफिसात जा आणि भिंतीवरचा परवाना बघा. आरटीओ हा परवाना नमुना ११ मध्ये पाच वर्षांसाठी देतं आणि तो दर्शनी जागी लावायचा असतो. मुदत संपली आहे का ते बघा. कुठल्या प्रकारच्या वाहनासाठी आहे, तेही बघा. बाहेरच्या बोर्डावर ट्रकचं चित्र असतं आणि आतला परवाना फक्त कारचा असतो, असं होतं. अशा ठिकाणी तुमची हेवीची कागदपत्रं दुसऱ्याच स्कूलच्या नावावर फिरतात आणि उद्या तक्रार करायची म्हटली तर कुणाविरुद्ध करायची तेच कळत नाही.

स्कूलमध्ये गेल्यावर सगळ्यात आधी काय बघू?

ट्रक. ऑफिस, एसी, रंगीत पत्रकं नंतर बघा. "तुमची शिकवायची गाडी कुठं उभी असते?" असं विचारा आणि तिथं स्वतः चालत जा.

गाडी स्कूलच्या नावावर आहे का? गाडीवर स्कूलचं नाव-पत्ता लिहिलेला आहे का? शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे का? शिकवायच्या गाडीला दुहेरी नियंत्रण असणं नियमानं बंधनकारक आहे. हा ब्रेक नसेल तर तुमच्या पहिल्या चुकीला शिकवणारा फक्त ओरडू शकतो. कित्येक टनांची गाडी ओरडून थांबत नाही.

टायरकडे बघा. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर सकाळी गाडी काढायच्या आधी हातोडीनं एकेक टायर ठोकत जातात. भरलेला टायर टणक वाजतो, कमी हवेचा भद्द वाजतो. मागच्या जोडटायरांतला आतला टायर बसला असेल तर डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो. शिकवणारा पहिल्याच दिवशी तुम्हाला गाडीभोवती फिरवून टायर, नटबोल्ट, ऑईल, पाणी, लाईट आणि ब्रेकसाठीची हवेची टाकी दाखवतो का, हे विचारा. जो थेट स्टेअरिंगवर बसवतो, तो पुढंही घाईच करणार.

गाडी कुठल्या काळातली आहे, तेही बघा. जुन्या टाटा १६१३ ट्रकवर शिकलात तर गिअर आणि क्लचची जाण चांगली येते, त्यात वाईट काही नाही. पण एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या, आहेत. त्यांत डिझेलबरोबर युरियाची वेगळी टाकी असते, डॅशबोर्डवर वेगवेगळे दिवे लागतात, आणि त्यांकडे दुर्लक्ष केलं तर इंजिन ताकद कमी करतं. आमच्याकडे एका नव्या पोरानं युरियाचा दिवा लागलेला असताना गाडी तशीच पुढं रेटली आणि भर चढावर ती दम सोडून उभी राहिली. दिवा कशाचा ते त्याला माहीतच नव्हतं. स्कूलकडे नवी गाडी नसेल तरी चालेल, पण त्या दिव्यांबद्दल वर्गात तरी शिकवतात का, ते विचारा.

किती दिवस आणि किती तास शिकवायला हवं?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट आहे: वाहतूक वाहनासाठी किमान ३० दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १५ तास. तीस दिवसांत पंधरा तास म्हणजे रोज अर्धा तास. अर्धा तास तुमच्या हातात स्टेअरिंग असायला हवं. शेजारी बसून दुसऱ्याचं बघणं त्यात धरत नाहीत.

सगळ्यात जास्त लबाडी इथंच चालते. एका केबिनमध्ये पाच पोरं बसवतात, गाडी तासभर फिरते आणि प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं येतात. माझ्या पुतण्याबाबत हेच झालं. महिनाभर तो रोज पहाटे साडेपाचला निघायचा, आम्हाला वाटायचं पोरगं शिकतंय. शेवटी मी वहीत मांडायला लावलं, तर सगळे मिळून सहा तासही भरले नव्हते. आणि स्कूलच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढं पंधरा तास पूर्ण होते. सह्या त्यानंच केल्या होत्या. "इथं सही कर" म्हणाले, यानं केली. मला स्कूलपेक्षा माझाच राग आला, कारण पहिल्या आठवड्यात मी विचारायला हवं होतं.

म्हणून दोन गोष्टी करा. स्कूलला नमुना १५ चं रजिस्टर ठेवावं लागतं. त्यात तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाडी चालवली, शिकवणाऱ्याची सही आणि तुमची सही असते. न चालवलेल्या वेळेवर सही करू नका. आणि स्वतःच्या खिशात छोटी वही ठेवून रोजची मिनिटं लिहा. नाव घालतानाच विचारा, "एका फेरीला गाडीत किती जण असतात?" दोन-तीन जण असतील तर ठीक. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

क्लास न करता फक्त सर्टिफिकेट मिळतं असं ऐकलंय. घ्यावं का?

घेऊ नका.

हे सर्टिफिकेट म्हणजे नमुना ५. वाहतूक वाहनाच्या लायसनसाठी ते जोडावं लागतं, म्हणून त्याचा बाजार झाला आहे. पैसे देऊन कागद मिळेल, कदाचित लायसनही मिळेल. पण पहिल्या आठवड्यात तुम्ही भरलेली गाडी घेऊन बाजाराच्या गावातून जाल, रस्त्याच्या कडेनं शाळेची पोरं सायकलवर चाललेली असतील, आणि डाव्या बाजूचा आंधळा भाग काय असतो हे तुम्हाला कुणी दाखवलेलं नसेल. ट्रकच्या केबिनमधून डाव्या दाराच्या खाली उभं असलेलं माणूस दिसत नाही. चांगला शिकवणारा हे करून दाखवतो. तुम्हाला वर बसवतो, स्वतः खाली उतरून बंपरच्या डाव्या कोपऱ्याशी उभा राहतो आणि विचारतो, "मी कुठं आहे?" आरशात तो नसतो. तो क्षण ज्यानं अनुभवला, तो जन्मभर डावीकडे वळताना थांबून बघतो. विकत घेतलेल्या कागदावर हे येत नाही.

घाटातली ड्रायव्हिंग शिकवतात का, हे विचारावं का?

अवश्य. आपल्याकडं तर हा पहिल्या तीनांतला प्रश्न असायला हवा. सातारा-पुणे करायचं तर खंबाटकी आहे, कोकणात उतरायचं तर कुंभार्ली, मुंबईला जायचं तर बोरघाट, नाशिकहून मुंबईला यायचं तर कसारा. सपाट मैदानावर आठचा आकडा काढून घाट येत नाही.

उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय आपल्याकडं मुरली आहे. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार आठवा. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकनं पुढच्या गाड्यांची रांग चिरडल्याच्या बातम्या तिथून पुन्हा पुन्हा आल्या आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिनचा आधार सुटतो आणि सगळं वजन ब्रेकवर येतं. सतत दाबून ब्रेकचे लायनर तापतात, आणि तापलेले लायनर धरत नाहीत. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; इंजिनच बंद केलं तर हवा भरणारा काँप्रेसर थांबतो, हवा भरली जात नाही, दर दाबाला टाकीतली हवा कमी होत जाते आणि स्टेअरिंगही जड होतं.

शिकवणाऱ्याला साधा प्रश्न विचारा: "उस्ताद, भरलेली गाडी घाट उतरताना कुठल्या गिअरमध्ये ठेवायची?" बरोबर उत्तर असं असतं की उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, साधारण ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असतात त्यातच उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या धुराची वाट अडवून वेग कमी करणारा) वापरायचा आणि पायाचा ब्रेक थोडा थोडा दाबून सोडायचा. हवेच्या काट्यावर नजर ठेवायची, बझर वाजायची वाट बघायची नाही. "न्यूट्रल टाका, मस्त पळते" असं उत्तर आलं, तर त्या माणसाच्या हाताखाली एक दिवसही शिकू नका.

एकदा तरी माल भरलेल्या गाडीवर बसवतात का, हेही विचारा. बहुतेक स्कूल रिकामी गाडीच फिरवतात. रिकामी आणि भरलेली गाडी एकाच अंतरात थांबत नाही, आणि भरलेल्या गाडीचं वळणावरचं वागणं सांगून कळत नाही, बुडाखाली जाणवावं लागतं. जी स्कूल निदान वाळूच्या गोण्या टाकून एक-दोन फेऱ्या करतात, त्यांना मी झुकतं माप देईन.

मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्र आणि साधं ड्रायव्हिंग स्कूल यांत फरक काय?

खूप आहे. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. जड वाहनांसाठी अशा केंद्राला किमान दोन एकर जागा, ट्रॅक, सिम्युलेटर (जागेवर बसून गाडी चालवायचा सराव देणारं यंत्र) आणि बायोमेट्रिक हजेरी लागते. मध्यम आणि जड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. तिथं पास झालात तर आरटीओची वेगळी ड्रायव्हिंग चाचणी माफ होते.

साध्या स्कूलच्या नमुना ५ नं ही माफी मिळत नाही. २०२४ मध्ये "आता आरटीओत चाचणीच नाही" असे मेसेज सगळीकडं फिरले, तेव्हा केंद्र सरकारनं खुलासा करून हेच सांगितलं होतं. कुणी साधं स्कूल "आमच्याकडे आलात की टेस्ट नाही" म्हणत असेल, तर ते खोटं आहे.

तुमच्यापासून पोहोचण्याजोग्या अंतरावर मान्यताप्राप्त केंद्र असेल आणि खर्च झेपत असेल, तर तिथं जा. सहा आठवडे खोली करून राहावं लागलं तरी मी जा म्हणेन. नसेल तर वर सांगितलं तसं पारखून घेतलेलं साधं स्कूलही पुरेसं चांगलं असू शकतं. पुण्यात भोसरीजवळ नाशिक फाट्याला मोठी प्रशिक्षण संस्था आणि ट्रॅक आहे. त्या बाजूला गेलात तर चांगला ट्रॅक कसा असतो, हे निदान एकदा बघून या.

सिम्युलेटरवर शिकवतात म्हणून जास्त फी मागतात. उपयोग होतो का?

पहिले दोन-चार दिवस गिअरची भीती जायला होतो. पण सिम्युलेटरचे तास तुमच्या पंधरा तासांत धरत नाहीत ना, एवढं पक्कं करून घ्या.

फी ठरवताना काय विचारावं?

एकच आकडा विचारून येऊ नका. त्यात काय धरलंय ते कागदावर लिहून घ्या. लर्निंगची सरकारी फी धरून की वेगळी? डिझेल धरून का? चाचणीच्या दिवशी गाडी आणायचं भाडं वेगळं लावणार का? नापास झालो तर दुसऱ्या वेळी गाडी मिळेल का, किती रुपयांत? चाचणीच्या दिवसाचं भाडं बऱ्याच जणांना आदल्या रात्री कळतं आणि मग उसनवारी करावी लागते.

सरकारी फीचे आकडे परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करतानाच दिसतात आणि ऑनलाइन भरता येतात. तेवढी रक्कम शक्यतो स्वतः भरा. स्कूलला द्याल त्या प्रत्येक हप्त्याची पावती घ्या, आणि पूर्ण रक्कम एकदम देऊ नका.

मी गावाकडं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह चालवतो. मला ट्रक सोपा जाईल ना?

एका बाबतीत तुम्ही इतरांच्या पुढं आहात. ट्रॉली मागं घेताना स्टेअरिंग उलटं फिरवायचं असतं, हे तुमच्या अंगात आहे. पुढं ट्रेलरवर गेलात तर ते कामाला येईल. पण ट्रॅक्टरचा वेग आणि ट्रकचा वेग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, एअर ब्रेक वेगळा आहे, आणि हायवेवर लेन धरून चालणं ट्रॅक्टरवर कधी शिकायला मिळत नाही. "मला येतंय की" म्हणून तास कमी करून घेऊ नका. माझ्याकडं आलेले ट्रॅक्टरवाले बहुतेक सगळे एकच चूक करतात: ब्रेक उशिरा दाबतात.

मुलीला ट्रक शिकवायचा आहे. स्कूल निवडताना वेगळं काही बघावं का?

शिकवणं तेच, निकष तेच. एसटीत महिला चालक आता प्रवाशांनी भरलेल्या गाड्या चालवतात, त्यामुळं "बायकांना जमेल का" हा प्रश्न निकालात निघाला आहे. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीला दंडाची ताकद फारशी लागत नाही. बघायचं ते एवढंच: शिकवण्याची वेळ सोयीची आहे का, सरावाच्या जागी स्वच्छतागृह आहे का, आणि शिकवणारा तिला इतर पोरांइतकाच वेळ स्टेअरिंग देतो का. पहिले दोन दिवस घरातलं कुणीतरी सोबत जाऊन बघून या.

टँकर किंवा गॅसची गाडी चालवायची असेल तर?

आधी ट्रकचं लायसन घ्या, थोडा अनुभव घ्या. धोकादायक मालासाठी मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घेऊन लायसनवर नोंद करून घ्यावी लागते. ती नोंद तीन वर्षं चालते, आणि नूतनीकरणाच्या आधी एक दिवसाची उजळणी करावी लागते. साधं वाहतूक लायसन पाच वर्षं चालतं.

चाचणीत नापास झालो तर?

सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं. यात लाज वाटून घेऊ नका. नापास झाल्यावर एजंटकडं धावणाऱ्यापेक्षा, कुठं चुकलं ते विचारून पुन्हा सराव करणारा पोरगा मी कामावर आधी घेईन.

स्कूलनं पैसे घेतले आणि शिकवलंच नाही. कुठं जायचं?

ज्या आरटीओनं परवाना दिला, तिथंच लेखी तक्रार द्या. परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार त्यांना आहे. सोबत पावत्या आणि तुमची मिनिटांची वही जोडा, आणि पोच घ्यायला विसरू नका. पैसे परत हवे असतील तर ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे.

लायसन हातात आलं. लगेच गाडी मिळेल का?

मिळेल, ड्रायव्हरांचा तुटवडा आहेच. पण ज्या मालकानं पहिल्याच दिवशी एकट्याच्या हातात भरलेली गाडी देऊन रात्रीत पाठवलं, त्याच्याकडं जाऊ नका. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता, त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. कामाचे तास, विश्रांती आणि सोबत कोण असणार, हे आधी विचारा.

आमच्याकडं नवा पोरगा पहिले दोन-तीन महिने जुन्या ड्रायव्हरसोबत जातो. सपाटीला तो चालवतो, घाट लागला की जागा बदलतात. तात्या आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. ते कुंभार्लीच्या उतरणीला पोराला शेजारी बसवतात आणि काही बोलत नाहीत, फक्त हवेच्या काट्याकडं बोट दाखवत राहतात. काही फेऱ्यांनंतर एक दिवस घाटमाथ्यावर गाडी थांबवून खाली उतरतात, चहा पितात आणि परत येताना क्लीनरच्या दारातून वर चढतात. त्या दिवशी पोरगा घाट उतरतो.